गुरनुले जमादारांची रोपं

चांद्याकडच्या सावली गावात आमच्या शेजारी गुरनुले जमादार राहत. त्यांच्याकडून वांग्याचं किंवा मिरचीचं रोप आणलं आणि ते मेलं, तर त्यांना जाऊन तसं सांगावं लागे. रोप ते फुकट देत, पण ही एवढी अट होती. सांगायला गेलं की ते ओरडत नसत. खुरपं खाली ठेवून नीट ऐकून घेत. कुठे लावलं होतं, ऊन किती लागत होतं, पाणी कोण घालत होतं, शेवटी पान पिवळं पडलं की काळं, असं सगळं विचारत आणि मग म्हणत, "ठीक हाये. पुढच्या खेपेले दोन न्या." गावातले लोक यावर हसत. जमादार रोपांचे पंचनामे करतात म्हणत. माझं पहिलं वांगं मरेपर्यंत मीही हसत होते.

मी तेव्हा नवीन लग्न होऊन वर्ध्याहून आलेली. आमचे हे शाळेत मास्तर, म्हणून मी आपोआप मास्तरीणबाई झाले. दिवसभर करायला काही नव्हतं, त्यामुळे त्या वांग्याला मी उठता-बसता पाणी घालत होते. ते मेलं तेव्हा जमादार स्वतः बघायला आले, रोप मुळासकट काढलं, मुळाचा वास घेतला आणि म्हणाले, "बाई, हे बुडून मेलं."

"मी तर काळजीनं पाणी घालत होते."

"पाणी तं पाऊसबी टाकते. तुमी नुसतं पाहाले येत जा. हात बांधून पाहाचं. रोपाले काय पाह्यजे ते थे सांगते."

हे सगळं त्यांनी सरकारी दवंडी द्यावी तशा सुरात सांगितलं. त्यांचा सूरच तो. ठेंगणे, मानेनं जाड, अंगात खाकी कोट, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्याच्या थोडं वर बघायची सवय. त्यांची सगळी नोकरी आबकारी खात्यातच झाली होती. मोहाच्या दारूच्या भट्ट्या धरायच्या, चोरून लावलेला गांजा शोधून उपटायचा, हे त्यांचं काम. सायकल जाईल तिथवर सायकलवर आणि पुढे पायी, असे ते धानाच्या बांध्यांतून जंगलाकडे निघत आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परत येत. स्वतः मात्र विडीसुद्धा ओढत नसत. सुपारीनं त्यांना उचकी लागे. आळीतले म्हणत, सरकारनं माणूस बरोबर हुडकला.

जमादारांची खरी अडचण वेगळी होती. त्यांना खोटं बोलता येत नसे. तत्त्व वगैरे काही नाही, एखाद्याला पोहता येत नाही तसं. एकदा आमच्याच आळीतली मुलगी बघायला पाहुणे आले होते. त्यांनी सहज शेजारी म्हणून जमादारांना विचारलं, पोरगी कशी आहे. जमादार म्हणाले, "चांगली हाये. कामाले वाघ हाये. राग नाकावर हाये." लग्न मोडता मोडता राहिलं. तेव्हापासून आळीत कुणाकडे पाहुणे यायचे असले की जमादारांच्या बायकोला आधी निरोप जाई, आणि ती त्यांना काहीतरी काम काढून पाथरीच्या रस्त्याला लावून देई.

तिचं नाव यमुनाबाई. उंच, किडकिडीत, बोलायला तिखट. तिच्या बाबतीतही जमादारांची सवय सुटत नसे. दिवाळीला नवं लुगडं नेसून ती दारात उभी राहिली आणि "कसं दिसते?" म्हणाली. जमादारांनी पदर बोटांत धरून बघितला.

"रंग जाईन," ते म्हणाले.

"मी लुगड्याचं नाई, माह्यं इचारून राह्यली."

"तुह्यं काय. तू हायेसच."

यमुनाबाई मला हे सांगताना कपाळावर हात मारून घेई, पण सांगायची मात्र पुन्हा पुन्हा.

त्यांना रोपांचा नाद कसा लागला, हीही एक गोष्टच आहे, आणि ती त्यांनी स्वतःच मला सांगितली. नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते. नदीकडच्या एका टोलीत, चार खोपटांच्या वस्तीत, गांजा लावलाय अशी खबर लागली. पहाटेचं धुकं होतं. जमादारांनी लांबूनच एका म्हातारीच्या परसात कातरलेल्या पानांची, सरळ वाढलेली झाडं बघितली आणि कुणी सावध व्हायच्या आत आत शिरून सगळा वाफा उपटून काढला. म्हातारी खोपटातून बाहेर येऊन बघत राहिली. वाफा संपल्यावर तिनं विचारलं, "झालं का बाप्पा?" मग तिनं त्यातली चार झाडं उचलली, कोवळा पाला खुडला आणि चुलीवर ठेवला. ती अंबाडी होती. आमच्याकडे अंबाडीची भाजी घरोघर होते, पण झाड मोठं झालं की त्याचं पान खरंच गांजाच्या पानासारखं कातरतं, आणि धुक्यात माणूस फसू शकतो.

"मंग तिनं कण्या घालून भाजी केली," जमादार सांगत होते. "लसनाची फोडणी देल्ली. माह्यापुढं ठेवली. म्हने, उपटलीच हाये तं खाऊन जा. आता टाकून काय कराची."

"मग?"

"खाल्ली. आंबट होती. तेव्हा पक्कं समजलं."

पुढच्या मृगाला जमादार अंबाडीचं बी घेऊन तिच्याकडे गेले आणि वाफा पेरून आले. आणि त्याच वर्षी त्यांनी आपल्या अंगणात फुटक्या गाडग्यांची ओळ मांडली. एका गाडग्यात अंबाडी, एका गाडग्यात गांजा, शेजारी शेजारी. दोन्ही रुजताना कशी दिसतात, पहिली दोन दळं कशी, त्यावरचं पहिलं खरं पान कसं, हे त्यांनी रोज बसून बघितलं. आपल्या हातून झालं ते दुसऱ्याच्या हातून होऊ नये म्हणून नंतर दरवर्षी पावसाळ्यात ते ही गाडगी मांडत आणि खात्यात नवीन आलेल्या शिपायांना बोलावून दाखवत. वरच्या साहेबांना हे माहीत होतं. ओळख पटण्याइतकं रोप वाढलं की गांजाचं रोप जमादार स्वतः उपटत आणि चुलीत घालत. ते पाच बोटांचं पान धरायच्या आतच. त्या नियमात बदल झालेला आळीनं कधी बघितला नव्हता. बाकीची गाडगी मग वांगी, मिरच्या, टमाटे यांना मिळत, आणि ती रोपं आमच्याकडे येत.

बी रुजवायची या घराची पद्धत मात्र यमुनाबाईची होती. जमादार जातीचे माळी, पण हे शिक्षण तिच्या माहेरचं. बी रात्रभर पाण्यात ठेवायचं, ओल्या फडक्याची पुरचुंडी करायची आणि लुगड्याच्या कासोट्यावर कमरेशी खोचायची. मग दळण, धुणं, झाडलोट काय असेल ते करत राहायचं. अंगाच्या उबेनं बी फुटतं. ती मध्येच हात घालून फडकं ओलं आहे का बघायची आणि पुन्हा कामाला लागायची. गांजाचं बी असंच तिच्या कमरेला रुजे. आबकारी जमादाराची बायको कमरेला गांजा बांधून बाजार करते, यावर आळीतल्या बायकांची काय काय थट्टा चाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तीही त्यांना तोडीस तोड उत्तर देई. एकच मुलगी होती, ती तिकडे सिरोंच्याकडे दिलेली. पावसाळ्यात चार महिने तिची खुशालीही कळत नसे. त्यामुळे यमुनाबाईला बोलायला आळीच होती.

जमादारांच्या कामाच्या रीतीबद्दलही सांगायला हवं, नाहीतर ते नुसतेच कडक वाटतील. शिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत त्यांचा बंदोबस्त असे. तिथे एक म्हातारा बैरागी दरवर्षी यायचा आणि दरवर्षी त्याच्या झोळीत सरकारी परवानगीपेक्षा जास्त गांजा निघायचा. एका वर्षी जमादार त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले तेव्हा बैराग्यानं नुकतीच चिलीम भरली होती. बरोबरचा शिपाई ती हिसकायला वाकला. जमादारांनी त्याचा हात धरला. "भरलेली चिलीम हाये. ताटावरून उठवते का कोनी?" बैरागी शांतपणे चिलीम ओढत होता आणि जमादार समोर दगडावर बसून होते, जावई जेवत असताना सासरा बसतो तसे. चिलीम विझल्यावर बैराग्यानं स्वतःच झोळी पुढे केली. दोघं बरोबरच चौकीकडे चालत गेले. आमचे हे त्या जत्रेत होते, त्यांनी हे डोळ्यांनी पाहिलेलं.

मग राज्य बदललं. मध्यप्रदेशातून आम्ही मुंबई राज्यात गेलो, म्हणजे होतो तिथेच राहून गेलो. जमादारांच्या पट्ट्यावरचा बिल्ला बदलला. गांजाची सरकारमान्य दुकानं एकेक करून बंद व्हायला लागली, तशी आमच्याकडचीही झाली. जमादारांना त्याचं काही वाटलं नाही. दुकानं असोत की नसोत, त्यांचं काम चालूच होतं.

त्याच सुमारास यमुनाबाईचं पोट दुखायला लागलं. आधी तिनं ओवा खाल्ला, मग हिंग लावला, मग आडवी पडली. चांद्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पोटात गाठ आहे, फार वाढली आहे, आता घरी न्या, असं सांगितलं. जमादारांनी ते परत येऊन आळीत जसंच्या तसं सांगितलं, आणि यमुनाबाईलाही सांगितलं. तिनं विचारलं म्हणून सांगितलं. मला त्यांचा राग आला होता. ती म्हणाली, "राग काऊन करतेस? दुसऱ्या कोनाले इचारलं असतं तं मलेच समजलं नसतं. मले समजाचं होतं."

मरणाचं कळल्यावर तिनं ते कसं घेतलं हे सांगणं मला जमणार नाही. दुखणं मात्र तिला झेपत नव्हतं. दुखायला लागलं की ती पदराचा बोळा तोंडात धरायची आणि पाय घासायची. गावात बापूजी वैद्य होते. त्यांच्याकडे एक जुनं औषध होतं, गांजाचा पाला तुपात परतून त्यात काही काही घालून केलेलं. त्यानं तिला झोप लागे. पण दुकानं बंद झाल्यावर त्यांच्याजवळचा साठा संपत आला आणि पोळ्याच्या आधीच संपला. "पाला आना," बापूजी जमादारांना म्हणाले, "मी तुम्हाले रोज औषध करून देतो. पन पाला कुठून आनाचा ते तुमी पाहा." सगळ्या तालुक्यात हे विचारायला दुसरा माणूस नव्हता.

जमादारांनी त्या मोसमात दोन ठिकाणी माल पकडला होता. पोतंभर गांजा चौकीत सीलबंद पडून होता. त्यांच्या हाताखालच्या शिपायानं सुचवलं की मूठभर काढला तर कुणाला कळणार आहे. जमादारांनी त्याला चौकीबाहेर उभं केलं. आमच्याकडे ह्यांच्याशी बोलताना ते म्हणाले, "मास्तर, ते सरकारचं होय. त्यातलं घेतलं तं चोरी झाली. घरी झाड वाढवलं तं गुन्हा झाला. चोरी मी करत नाई. गुन्ह्याची सजा भोगता येते."

ह्यांनी विचारलं, "म्हणजे?"

"म्हनजे यंदा मी उपटून नाई राह्यलो."

त्या वर्षी गाडग्यात दोन रोपं होती. पाच बोटांची पानं धरली, तरी जमादारांनी त्यांना हात लावला नाही. त्यातलं जोमाचं एक ठेवलं आणि परसात, न्हाणीजवळ, उतरत्या उन्हाच्या जागी लावलं. लपवलं नाही, आणि दाखवलंही नाही. आळीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. बायका पाणी शेंदायला जाताना त्या झाडाकडे बघत आणि "अंबाडी चांगली झाली हो जमादारभाऊ" म्हणत. जमादार दरवेळी थांबून सांगत, "अंबाडी नोहे थे. गांजा होय." शेवटी बायकांनी तिकडे बघणंच सोडलं.

झाड चांगलं आलं. भाद्रपदात बापूजी पाला नेऊ लागले आणि यमुनाबाई झोपू लागली. दुपारी तिच्या घोरण्याचा आवाज कुंपणापलीकडून येई, आणि जमादार अंगणात दोरी वळत बसलेले असत. दसऱ्याला ती उठून दारात बसली होती. मला हाक मारून म्हणाली, "मास्तरीण, आज भूक लागून राह्यली." मी घरातलं होतं ते सगळं नेऊन दिलं.

दिवाळी झाल्यावर चांद्याहून साहेब दौऱ्यावर येणार असा निरोप आला. साहेब सावलीला आले की चहाला जमादारांकडे येत, ही रीतच होती. आदल्या दिवशी संध्याकाळी मी यमुनाबाईजवळ बसले होते तेव्हा जमादार आत आले आणि तिला म्हणाले, "उद्या साहेबाले झाड दाखवतो."

"काऊन?"

"घरी येऊन राह्यले. चहा पाजाचा आन झाड नाई दाखवाचं, हे काय बरं दिसते?"

"मंग?"

"मंग जे होईन थे होईन."

तिनं पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं. मला वाटलं, तिला पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमादार साहेबांना घ्यायला मोटारस्टँडवर गेले. मी अंगणात होते. पलीकडे यमुनाबाई भिंत धरत धरत परसात आलेली दिसली. इतक्या दिवसांत ती न्हाणीपर्यंतही एकटी आली नव्हती. झाडाशी पोचून ती खाली बसली, दोन्ही हातांनी बुंधा धरला आणि मागे रेलली. झाड काही निघेना. मी कुंपणाशी धावले.

"बाई, थांबा, मी येते."

"तू हात नोको लावू," ती म्हणाली. "गुन्हा एका घरातलाच बरा."

तिसऱ्यांदा ओढल्यावर झाड उपटून आलं. तिनं ते मोडून मोडून न्हाणीच्या चुलीत कोंबलं, वर सागाच्या काटक्या घातल्या. वाळत घातलेला पालाही सुपासकट आणून ओतला. तोच पाला तिचा पुढचा महिनाभराचा होता. आळीत त्या सकाळी असा काही धूर पसरला की समोरचा नेहमी भांडणारा सोनार पायरीवर बसून एकटाच हसत होता. यमुनाबाई चुलीपुढे तशीच बसून होती. मी तिला धरून आत नेऊन निजवलं. तिचं अंग घामानं भिजलं होतं. ती मला म्हणाली, "पेन्शनीले थोडेच दिवस राह्यले त्यायचे. माह्यासाठी बेड्या नाई पडू द्याच्या."

साहेब आले. वयानं लहान, सभ्य माणूस होता. ओसरीवर बसून त्यानं यमुनाबाईची चौकशी केली. चहा झाला. जमादार उठले आणि म्हणाले, "साहेब, परसात या. एक दाखवाचं हाये." मी आमच्या अंगणात कपडे वाळत घालत होते, म्हणजे तेच तेच कपडे पुन्हा वाळत घालत होते. जमादार न्हाणीजवळ आले आणि थांबले. तिथे ओल्या मातीचा खड्डा होता. ते खड्ड्याकडे बघत राहिले. इथे कुणीही दुसरा माणूस असता तर साहेबांना म्हणाला असता की बघा, पलीकडे वांगी कशी आलीत, आणि गोष्ट तिथेच मिटली असती.

"साहेब," जमादार म्हणाले, "इथी गांजाचं झाड होतं. मीच लावलं होतं. बायकोच्या औषधासाठी. सकाळपर्यंत होतं."

साहेबांनी खड्ड्याकडे पाहिलं, धुमसणाऱ्या चुलीकडे पाहिलं. वास तर सगळ्या गावाला येत होता.

"आता नाही ना?"

"नाई."

"मग मला काय दिसतंय?"

जमादारांनी पुन्हा एकदा नीट बघून सांगितलं, "खड्डा."

"खड्ड्यावर गुन्हा होत नाही, जमादार," साहेब म्हणाले आणि टोपी घालून निघून गेले.

त्यानंतर त्या घरात जे भांडण झालं ते मी कुंपणापलीकडून सगळं ऐकलं.

"मी मरमर करून उपटलं आन तुमी सांगून टाकलं?"

"मंग काय सांगू?"

"वांग्याचं होतं म्हनाचं."

"वांगं होतं का थे?"

"अवो, नवतं! नवतंच! म्हनून तं म्हनाचं!"

 नंतर दोघंही हसत होते असं मला वाटलं, पण ते तिचं कण्हणंही असेल.

दुखणं परत आलं, आधीपेक्षा जास्त आलं. जमादारांनी त्याच आठवड्यात नोकरीचा राजीनामा लिहून पाठवला. सगळ्यांनी समजावलं. ह्यांनी तर हात जोडले. जमादारांचं एकच म्हणणं होतं. "जमादाराच्या घरी झाड नाई चालत, हे तिचं बरोबर होतं. आता हे घर गुरनुल्याचं हाये. गुरनुल्याले पकडतीन तं पकडतीन." आणि त्यांनी डब्यातून राखून ठेवलेलं बी काढलं.

पण हे दिवस लावणीचे नव्हते. मार्गशीर्षाची थंडी पडली होती. फडक्यात बांधून धानाच्या तणसात ठेवलेलं बी तसंच कुजलं. दुसऱ्या वेळी यमुनाबाईच म्हणाली, "इकडे आना थे. माह्या कमरेशी ठेवा. ताप हाये तं लवकर फुटन. तापाचा कायतरी उपेग होऊ द्या." जमादारांनी पुरचुंडी तिच्या कमरेशी नीट खोचून दिली. मी बघत होते. त्यांची बोटं जाड होती आणि तिला कुठे हात लागला तरी दुखत होतं, म्हणून ते अगदी हळू करत होते. ती निजून राहिली. अधूनमधून हात घालून फडक्याची ओल बघायची, पूर्वी कामं करताना बघायची तशीच. बी फुटलं. त्यातलं एक जगलं. जमादारांनी ते कुंडीत लावलं.

त्या रोपासाठी त्यांनी जे केलं ते मी रोज बघत होते. सकाळी कुंडी अंगणात न्यायची, ऊन सरकेल तशी सरकवायची, दिवस कलला की आत चुलीजवळ ठेवायची. पाणी कोमट करून चमच्यानं घालायचं. वारा सुटला की पाटी उभी करून आडोसा करायचा. रोप मेलं नाही. पण वाढलंही नाही. त्या थंडीत ते अंगठ्याएवढं होऊन तिथेच थांबलं. बापूजी एकदा बघून गेले आणि जाताना जमादारांना म्हणाले की एवढ्याशा रोपाचा पाला औषधाला कामाचा नसतो. जमादारांनी मान हलवली.

यमुनाबाईला आता कूसही बदलता येत नव्हती. तिच्या खाटेवरून अंगण दिसत नसे. ती आतून विचारायची, "किती झालं हो?"

पहिल्यांदा मी जमादारांचं उत्तर ऐकलं तेव्हा मला वाटलं, ते दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलताहेत. ते कुंडीपुढे उकिडवे बसले होते. रोप समोर होतं, दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढं. त्यांनी त्याच्याकडे बघत, त्याच दवंडीच्या सुरात सांगितलं, "वीतभर झालं."

पुढच्या आठवड्यात ते हातभर झालं. मग त्याला फांद्या फुटल्या. जमादारांना सराव नव्हता, त्यामुळे ते खोटंही फार बारकाईनं सांगायचे. कुठल्या फांदीला किती जोर आहे, खालची पानं कशी रुंद झाली, सगळं. आळीतले लोक जाता-येता ऐकायचे आणि खाली मान घालून पुढे जायचे.

संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेले. यमुनाबाई डोळे मिटून पडली होती. मला म्हणाली, "तू पाह्यलं न झाड? कसं हाये?"

"चांगलं आलंय."

तिनं डोळे उघडले. "तूबी?" आणि ती हसली. "पोरी, लगन झाल्यापासून हा मानूस माह्याशी एक शब्द खोटा बोलला नाई. लुगडं चांगलं दिसते म्हनून म्हनाले काय जात होतं, तेबी नाई म्हटलं. आता रोज बोलून राह्यले. कुंडी आत आनतेत तवा मी पाहत नाई का? चुलीच्या उजेडात दिसते मले, केवढं हाये थे. बोलू दे. तू काई म्हनू नोको त्यायले. आयकाले लय बरं वाटते."

मी तिळगूळ तिच्या उशाशी ठेवला. घरी येऊन मात्र रडले.

माघात मी माहेरी निघाले. दिवस भरत आले होते, आणि वर्ध्याहून भाऊ न्यायला आला होता. मूल घेऊन मी सावलीला परतले तेव्हा यमुनाबाई नव्हती, आणि जमादार घर बंद करून मुलीकडे गेले होते. ते परत आले नाहीत, आणि पुढे आमचीही बदली झाली. म्हणून निघायच्या दिवशी सकाळी पाहिले तेवढेच.

बैलगाडी दारात उभी होती. मी निरोप घ्यायला त्यांच्या अंगणात गेले. जमादार कुंडीजवळ बसले होते. दाढी वाढलेली, अंगात कोट नाही, खांद्यावर घोंगडी. मी वाकले. त्यांनी "सुखरूप या" म्हटलं. तेवढ्यात आतून आवाज आला. आता तो इतका बारीक झाला होता की दारात उभं राहूनच ऐकू यावा.

"किती झालं हो?"

जमादारांनी माझ्याकडे पाहिलं. ते कधी कुणाच्या डोळ्यांत बघत नसत, त्या दिवशी पाहिलं. मग ते आतल्या बाजूला तोंड करून म्हणाले, "कमरेएवढं झालं. फुलोऱ्यावर आलं."



"मंग उद्या तोडा," ती म्हणाली.

"उद्या तोडतो," जमादार म्हणाले, आणि त्यांनी कुंडी दोन्ही हातांनी उचलून उन्हात सरकवली.